हडर्सफील्डचा एक शिलिंग



परिषदेच्या अध्यक्षाने आपल्या शास्त्राची थोरवी गावी, अशी रीत आहे. ते काम उद्घाटकांनी चोख केलं आहे. मी तुम्हाला यॉर्कशरमधल्या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी, हडर्सफील्डला नेतो.

1904 साली बेंजामिन ब्रॉडबेंट तिथले महापौर झाले. त्या काळी इंग्लंडमध्ये जन्मलेल्या हजार बाळांपैकी सव्वाशे ते दीडशे बाळं वर्षाच्या आत दगावत. ब्रॉडबेंट यांनी जाहीर केलं : माझ्या कारकिर्दीत लाँगवुड भागात जन्मलेलं मूल वर्षाचं झालं की त्याच्या घरी एक पौंड पोचेल. गिरणीतल्या बाईचा आठवड्याचा पगारही बहुधा याहून कमी असे. पौंडाचा गाजावाजा खूप झाला. मला मात्र त्याच गावातला शिलिंग अधिक मोलाचा वाटतो.

जन्म नोंदवायला तिथे कायद्याने 42 दिवसांची मुदत होती. तेवढ्यात कित्येक बाळं गेलेली असत, कित्येकांचं अंगावरचं दूध सुटून बाटली लागलेली असे. ती बाटलीही कसली? लांब रबरी नळीची. नळी आतून धुताच येत नसे, आणि उन्हाळ्यात जुलाबांनी पाळणे रिकामे होत. आरोग्य अधिकारी सॅमसन मूर यांना खबर हवी होती 48 तासांत. म्हणून पालिकेने ठरवलं, जन्माची खबर जो पहिला आणेल त्याला एक शिलिंग. खबर आली की पालिकेची स्त्री डॉक्टर त्या घरी जाई आणि पुढे गावातल्या स्वयंसेविका बाळाकडे लक्ष ठेवत. 1906 साली हडर्सफील्डने पार्लमेंटकडून स्वतःपुरता कायदा करून घेतला आणि खबर देणं सक्तीचं केलं. पुढच्याच वर्षी देशभरासाठी कायदा आला, पण लागू करणं ऐच्छिक होतं. सक्ती यायला 1915 उजाडलं.

त्या काळच्या अधिकाऱ्यांचा एक दोष झाकू नये. बाळ दगावलं की बोट आईच्या अज्ञानाकडे. ओल धरलेली खोली, अनेक घरांत मिळून एक संडास, बाळंतपणानंतर लगेच गाठावी लागणारी गिरणी, हे सारं अहवालात खालच्या ओळींत. (आपले अहवाल याहून फार वेगळे नाहीत, हे इथे आपापसात बोलायला हरकत नाही.) तरीही त्यांना एक गोष्ट नेमकी कळली होती : बाळ दवाखान्यात येण्याची वाट पाहायची नाही, आपण उंबऱ्याशी जायचं.

आपल्याकडे हेच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 39 गावांत सिद्ध केलं. गावातल्याच बाईला शिकवून तिला नवजात बाळाच्या घरी पाठवलं. 1999 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज आशाताई ठरलेल्या दिवशी घरभेट देतात, त्याचं मूळ तिथे आहे.

मग अडतं कुठे? बाळंतपण माहेरी, नोंदलेला पत्ता सासरचा, आणि रुग्णालय तिसऱ्याच गावात. जन्मनोंदणीची मुदत 21 दिवस. दाखला मिळतो, पण ज्या वॉर्डात बाळ झोपलं आहे तिथल्या परिचारिकेला पत्ता नसतो. या परिषदेने एकच ठराव करावा : जन्माची खबर 48 तासांत, आणि ती बाळ प्रत्यक्ष राहतं तिथल्या परिचारिकेच्या हाती. बाकीचे ठराव पुढच्या वर्षी ठेवले तरी चालतील.