जुनी सायकल द्या, नवी न्या

न्यूयॉर्क शहरात घरोघरी खाद्यपदार्थ पोचविणाऱ्या कामगाराची विजेवर चालणारी सायकल रात्री पुष्कळदा त्याच्या बिऱ्हाडातच, दारापाशी चार्ज होते. तिच्या लिथियम बॅटरीने पेट घेतला की सुटकेची वाटच बंद! 2023 साली अशा आगींत तेथे 18 माणसे दगावली. त्याच वर्षी अप्रमाणित सायकलींच्या विक्रीस बंदी झाली; पण आधीच घरात असलेल्या सायकलींचे काय? जिच्यावर पोट चालते ती कोण टाकून देईल? म्हणून 2025 मध्ये नगरप्रशासनाने तिच्या बदल्यात प्रमाणित सायकल विनामूल्य देण्याची योजना आरंभिली. कामगार 60,000 हून अधिक, सायकली मात्र काही शेच. जुनी सायकल बॅटरीसह जमा करण्याची अट योग्यच होती. एरवी ती दुसऱ्या एखाद्या बिऱ्हाडाच्या दारापाशी जाऊन उभी राहिली असती.