क्वार्टर, कोस आणि प्लॉट
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू सॉफ्टवेअरवाली, तू एआयवर बोल." एआयवर बोलणारे आता गल्लोगल्ली आहेत. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सध्या वाढदिवसाच्या खालोखाल कशाचे मेसेज येत असतील, तर गडचिरोलीतल्या प्लॉटचे. "विद्यापीठाजवळ, रोड टच, लवकर सांगा." म्हणून मी प्लॉटवरच बोलते. सर, विषय घसरला असं वाटलं तर बेल वाजवा.

आपल्यातले निम्मे क्वार्टरमध्ये वाढले. पेपर मिलचं क्वार्टर, वेकोलिचं क्वार्टर, रेल्वेचं क्वार्टर. शेजारी तेलुगू, पलीकडे बंगाली, मागे हिंदीवाले, आणि सगळ्यांच्या दारात तीच जाळी, तोच हिरवा रंग. पण क्वार्टर नोकरीचं असतं, आपलं नसतं. वडिलांनी पन्नाशी गाठली की आपल्या घरांत रात्रीच्या जेवणाला एकच विषय, रिटायर झाल्यावर जायचं कुठे? माझे बाबा रिटायर झाले तेव्हा आमचं सगळं सामान एका टेम्पोत मावलं होतं. आई पुढे बसली होती आणि तुळशीची कुंडी तिने मांडीवर घेतली होती. त्यामुळे प्लॉट म्हटला की आपले कान टवकारतात, यात हसण्यासारखं काही नाही.

आता थोडं लांब नेते. कंपनीच्या कामासाठी मी दोन वर्षं इंडोनेशियात होते. ऑफिस जकार्तात, पण राहायला मी देपोकला होते. जकार्ताच्या दक्षिणेला लागून असलेलं हे गाव. १९८७ मध्ये इंडोनेशिया विद्यापीठ तिथे हललं आणि गावाचं नशीब फिरलं. विद्यापीठाच्या आवारात तळी आहेत, दाट झाडी आहे, आणि आवाराला लागूनच लोकल गाडीचं स्टेशन. मार्गोंडा नावाचा मोठा रस्ता सदा गजबजलेला, पण आतल्या गल्लीत शिरलं की शांत. पहाटेची अजान, कोंबडे, आणि दारोदारी चपलांचे ढीग. घराघरात विद्यार्थ्यांना भाड्याने दिलेल्या खोल्या असतात, त्याला तिथे 'कोस' म्हणतात. आमच्या घरमालकीणबाईंचा, म्हणजे इबूंचा, सगळा संसार कोसवर चालायचा. गल्लीचा एक प्रमुख असतो, त्याला 'पाक आरटी' म्हणायचं. नवा माणूस राहायला आला की त्याच्याकडे जाऊन नाव सांगायचं. मी गेले तर त्याने आधी चहा दिला आणि मग वही उघडली. सोयाबीनपासून तेंपे नावाची वडी करतात, ती मी तिथे रोज खाल्ली. आपल्याकडे एवढं सोयाबीन पिकतं, आपण ते नुसतं विकून मोकळे होतो. असो.

तिथे मला एक छोटं घर आवडलं होतं. भाव परवडणारा होता. पण इंडोनेशियाचा १९६० चा जमीन कायदा सांगतो की संपूर्ण मालकी, म्हणजे त्यांचा 'हाक मिलिक', फक्त त्या देशाच्या नागरिकाला. परदेशी माणसाला ठरावीक मुदतीचा वापराचा हक्क मिळू शकतो, तोही अटींसह. दलाल म्हणाला, काळजी नको, माझ्या मेव्हण्याच्या नावावर घेऊ, आपसांत एक कागद करू. इबूंना विचारलं तर त्या हसल्या. म्हणाल्या, असा कागद कोर्टात टिकत नाही, आणि घर मेव्हण्याचं होतं. 'गिरिक' नावाची एक जुनी करपावती असते, पुष्कळ लोक तीच दाखवून जमीन विकतात, पण ती मालकीचा पुरावा नाही, हेही त्यांनीच सांगितलं. मी घर घेतलं नाही, भाड्याने राहिले. दोन वर्षं मजेत गेली.

आता गडचिरोली. २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून तो जिल्हा वेगळा झाला, तेव्हा आपल्यातले बरेच जण पाळण्यात होते. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून गोंडवाना विद्यापीठ निघालं आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांची कॉलेजं त्याला जोडली गेली. माझे मिस्टर तिथे शिकवतात, म्हणून आम्ही कॉम्प्लेक्स भागात भाड्याने राहतो आणि माझं काम मी घरून करते. वस्ती शांत आहे, रस्ते रुंद, संध्याकाळी फिरायला बरं. रात्री गाडीचा आवाज नाही. बल्लारशाच्या मुलीला सुरुवातीचा महिनाभर त्यानेच झोप लागली नाही. सगळ्यात जवळचं रेल्वे स्टेशन वडसा, पन्नासेक किलोमीटर. खोली भाड्याने देणाऱ्या काकू इथेही आहेत. त्यांना 'कोस' हा शब्द शिकवला, तर त्या म्हणाल्या, "आमच्याकडे रूमच म्हणतात बाप्पा."

सुरजागडची खाण आणि कोनसरीचा कारखाना आल्यापासून जमिनीला भाव चढला. आम्हालाही एक प्लॉट दाखवला. जागा छान होती, मोहाचं एक मोठं झाड होतं. मी सातबारा मागितला. मग जुने फेरफार मागितले. मग १९५४-५५ चा अधिकार अभिलेख मागितला. हा आपल्या विदर्भातला फार कामाचा कागद आहे, जमीन मूळ कोणाची ते त्यातून कळतं. त्यात नाव निघालं एका आदिवासी कुटुंबाचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायची तर शासनाच्या पूर्वमान्यतेने जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी हवी. बक्षीसपत्र, अदलाबदल, काहीही केलं तरी तेच. ती मंजुरी कुठेच दिसली नाही. मध्यस्थ म्हणाला, "मॅडम, एन.ए. झालेलं आहे ना!" एन.ए.चा आदेश वेगळा आणि ३६-अ ची मंजुरी वेगळी. एक कागद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. मग तो म्हणाला, "मग मूळ मालकाच्याच नावावर राहू द्या, पॉवर ऑफ अॅटर्नी करून घेऊ."

मला देपोकचा मेव्हणा आठवला. फरक एवढाच की तिथे मी परकी होते आणि फसले असते तर मीच फसले असते. इथे नुकसान त्या कुटुंबाचं होतं.

आपल्याच बॅचची एक मैत्रीण आज इथे बसली आहे. तिला विचारून सांगते. तिच्या आजोबांनी साठच्या दशकात थोड्या पैशांसाठी एका कागदावर अंगठा दिला. उसनवारी समजून दिला, निघालं खरेदीखत. पुढे आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा आला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी त्यात येतात. तिच्या वडिलांनी तहसीलच्या तारखा इतक्या केल्या की चपला झिजल्या. अर्धी जमीन परत आली. आपण सगळे दहावीचा अभ्यास करत होतो तेव्हा ती वडिलांची फाईल सांभाळत होती, आणि आपल्यापैकी कोणालाही ते माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट झुडपी जंगलाची. पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून नोंद असलेल्या जमिनी आहेत. जागेवर झुडूपही नसतं, क्रिकेटचं मैदान असतं. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने त्या वनजमिनीच मानल्या. १२ डिसेंबर १९९६ पूर्वीच्या वाटपांना वेगळी वाट दिली आहे, पण आज नवा प्लॉट घेणाऱ्याने त्या भरवशावर राहू नये. निस्तार पत्रकही काढून बघा, गावाची सामायिक जमीन त्यात दिसते. 'भोगवटादार वर्ग-२' दिसलं की थांबा आणि विचारा. आणि लेआऊट पाचशे चौरस मीटरपेक्षा मोठा आणि आठपेक्षा जास्त प्लॉटचा असेल, तर महारेराचा नंबर मागा. नंबर विचारल्यावर चिडणाऱ्या माणसाकडून मी तर भाजीही घेणार नाही.

मैत्रिणींसाठी एक. बाईच्या नावावर घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, पण ती राहत्या घराला, फ्लॅटला. मोकळ्या प्लॉटला ती धरून हिशेब करू नका.

आम्ही तो प्लॉट सोडला. मोहाचं झाड अजून तिथेच आहे, मार्चमध्ये एक म्हातारी बाई खाली टोपली घेऊन वेचत असते. आम्ही सध्या भाड्यानेच राहतो आणि एक बांधलेलं घर बघतोय, त्याचे कागद वकिलांकडे आहेत. आई विचारते, "झालं का गं?" मी म्हणते, अजून नाही.

ग्रुपवर प्लॉट टाकणाऱ्या आणि घेणाऱ्या, दोघांनाही सांगते. जेवणानंतर मी मागच्या वर्गात, आपल्या दहावी 'ब'च्या खोलीत, लॅपटॉप घेऊन बसणार आहे. गट नंबर आणि गावाचं नाव आणा, सातबारा ऑनलाइन लगेच काढून बघू. कोणी टोकन दिलं असेल तर त्याने आधी यावं, जेवण नंतर.