न्यायासनासमोरचा चित्रकार

न्यायाधीश आरोपीस न्याहाळतो, वकील साक्षीदारास न्याहाळतो. परंतु या सर्वांनाच न्याहाळणारा एखादा चित्रकार न्यायालयांत बसला असेल तर? अठराव्या शतकांतील इंग्लंडांत विल्यम हॉगार्थ हा असाच एक चित्रकार होऊन गेला.

१७५८ सालीं त्यानें 'न्यायासन' हें चित्र छापून प्रसिद्ध केलें. 'कॉमन प्लीज' नांवाच्या दिवाणी न्यायालयाचे चार न्यायाधीश त्यांत दाटीवाटीनें बसले आहेत. मुख्य न्यायाधीश सर जॉन विल्स यांच्या मस्तकावर केसांचा प्रचंड टोप आहे, हातांत लेखणी आहे. शेजारीं एका न्यायमूर्तींना खुशाल डुलकी लागली आहे. पक्षकाराची सारी मिळकत पणाला लागली असेल; त्यांच्या निद्रेस त्याचें काय? चित्राखालीं हॉगार्थनें स्वभावचित्र व व्यंगचित्र यांतील भेद विशद केला आहे. अवयव वेडेवांकडे करणें निराळें आणि चेहऱ्यावरून मनुष्याचें अंतरंग दाखविणें निराळें, असें त्याचें म्हणणें. म्हणजे 'हे बसले तसेच मीं काढले' हाच खरा टोला!

पुढें १७६३ च्या एप्रिलांत जॉन विल्क्स या पार्लमेंटच्या सभासदानें आपल्या 'नॉर्थ ब्रिटन' पत्राच्या ४५ व्या अंकांत राजाच्या भाषणावर कडक टीका केली. ज्यांत लेखकाचें वा मुद्रकाचें नांवच नव्हतें अशा सरसकट वॉरंटावर त्याला पकडण्यांत आलें. खटला त्याच कॉमन प्लीज न्यायालयापुढें आला. विल्स तेव्हां हयात नव्हते. मुख्य न्यायाधीश चार्ल्स प्रॅट होते. मात्र चित्रांतील बाथर्स्ट व क्लाइव्ह हे दोघे अद्याप त्या न्यायालयाचे न्यायाधीश होते. ६ मे रोजीं, सभासदाच्या विशेष हक्काच्या आधारें, न्यायालयानें विल्क्सला मुक्त केलें. ज्या न्यायासनाला हॉगार्थनें झोंपलेलें दाखविलें, तें ऐन प्रसंगीं जागें होतें!

झोंप लागली ती चित्रकाराच्या समबुद्धीला. विल्क्स त्याचा पूर्वीचा मित्र. परंतु १७६२ सालीं राजकारणावरून दोघांत वितुष्ट आलें होतें, आणि हॉगार्थ तर राजाचा नेमलेला चित्रकार. त्यानें वेस्टमिन्स्टर हॉलमध्यें विल्क्सचें रेखाटन केलें: तिरळे डोळे, कपटी हास्य, शिंगांसारखा वर आलेला केसांचा टोप, जवळ काठीवर स्वातंत्र्याची टोपी. एक शिलिंगास एक याप्रमाणें, त्याच्याच सांगण्यावरून, थोड्या आठवड्यांत सुमारें ४००० प्रती खपल्या. न्यायालयानें सोडलेल्या मनुष्याला चित्रकारानें शिक्षा ठोठावली. या दरबारांत वकील नाहीं, साक्ष नाहीं, अपील नाहीं.

विल्क्सनें मात्र, आपण दिवसेंदिवस त्या चित्रासारखेच दिसूं लागलों आहों, असें म्हणून तें हंसण्यावारी नेलें. १७७४ सालीं तो लंडनचा लॉर्ड मेयरही झाला.

सत्तेच्या आसनावर पडलेला उपहासाचा प्रकाश समाजाला उपकारक ठरतो. सत्तेनें पकडलेल्या माणसावर तोच पडला म्हणजे त्याचा निखारा होतो. कुंचला एकच, हातही एकच; फरक पडतो तो मनांतील आकसानें. १७६४ च्या ऑक्टोबरांत, मृत्यूच्या आदल्या दिवशीं, हॉगार्थ 'न्यायासना'च्याच पत्र्यावर पुन्हां काम करीत होता. स्वभावचित्र कोठें संपतें व विटंबना कोठें सुरू होते, हें त्याला अधिक स्पष्ट करावयाचें होतें. तो पत्रा अपुराच राहिला.