आत्याची पत्रे
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



मी डॉक्टर नव्हे की वकील नव्हे. माझी आत्या एका मनोरुग्णालयात बावीस वर्षे होती, एवढाच माझा या विषयावर बोलण्याचा अधिकार.

१९७४ साली बाबांबरोबर मी तिला भेटावयास गेले. कमरेखाली शेपटा रुळणारी माझी आत्या. तिचे डोके भादरलेले आणि अंगात सगळ्यांसारखाच एक झगा! तिने विचारले, "दादा, माझी पत्रे पोचतात ना?" घरी एकही पत्र आले नव्हते. डॉक्टर म्हणाले, यांना आता घरी न्यावयास हरकत नाही. पण घरात मुलींची लग्ने व्हावयाची होती. आत्या तेथेच राहिली. त्या मुलींपैकी एक मी.

तेव्हा १९१२ चा कायदा चालत असे. आता २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, तो २०१८ पासून लागू झाला. तो वाचताना मला आत्याच दिसत होती. रुग्णाचे सक्तीने मुंडण करता येत नाही. आपले कपडे घालावेसे वाटले तर गणवेशाची सक्ती नाही. काम करविले तर मोबदला द्यावा लागतो. पत्र पाठविता येते, टेलिफोन करता येतो, नको असलेल्या पाहुण्याला परतही लावता येते. (हा हक्क आपल्यापैकी कितीजणींना घरी आहे, ते असो!) साखळीने बांधण्यास मनाई आहे. २००१ साली तामिळनाडूत एरवाडीला अशा एका आश्रयगृहास आग लागली. जखडलेल्यांना पळता आले नाही, २८ जीव गेले.

स्त्रीला दुसऱ्या कुणी आणून दाखल केले, तर ३ दिवसांच्या आत मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला कळवावे लागते. हे मंडळ सरकारी, आपले नव्हे! त्याच्याकडे तिला दाद मागता येते, वकीलही फुकट मिळतो. आणि घरचे नेत नाहीत, एवढ्याच कारणावरून कुणालाही तेथे ठेवून घेता येत नाही.

हे कलम मी दोनदा वाचले. ते त्या दिवशी असते, तरी आम्ही आत्याला घरी आणले असते का? मला खात्रीने सांगवत नाही.

ती १९९१ साली तेथेच गेली. तिच्या गाठोड्यात सतरा पोस्टकार्डे निघाली, सगळी आमच्या पत्त्याची, एकावरही टपालाचा शिक्का नव्हता. त्यांतले एक मी आज बरोबर आणले आहे. ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे यावे.