ओस पडलेले ग्रुप आणि मागे राहिलेल्या मैत्रिणी

(सामुदायिक रेडिओवरील भाषण)

 

आज आपण मोबाइलमधल्या ग्रुपांबद्दल बोलणार आहोत. नवा ग्रुप कसा काढायचा हे आता पोरासोरांनाही येतं. जुना, ओस पडलेला ग्रुप नीट बंद कसा करायचा आणि त्यात उरलेल्या बायांना योग्य ठिकाणी कसं पोचवायचं, याबद्दल मात्र कोणी बोलत नाही. म्हणून आजचा विषय हा.

आधी बघू, ग्रुप एवढे वाढले कसे. आपला बचत गट दहा ते वीस बायांचा. त्याचा एक ग्रुप. गावातले गट मिळून ग्रामसंघ, त्याचा दुसरा. वर प्रभागसंघ, त्याचा तिसरा. शेळीपालनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं की त्याचा एक. शेतीशाळेचा एक. २०२० साली टाळेबंदीत शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गावर्गाचे ग्रुप निघाले. लेकरं पुढच्या वर्गात गेली, काही तर कॉलेजात गेली, पण ते ग्रुप अजून मोबाइलमध्ये पडून आहेत. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा अर्ज भरण्यासाठी आणखी ग्रुप झाले. प्रत्येक ग्रुप काढताना काम खरं होतं. काम संपलं, पण ग्रुप तसाच राहिला.

आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आम्ही एकदा प्रत्येकीला मोबाइल उघडून ग्रुप मोजायला लावले. ज्या बाईकडे सगळ्यात कमी ग्रुप होते, तिच्याकडेही नऊ निघाले. त्या नवांपैकी चारांत गेल्या सहा महिन्यांत गुड मॉर्निंगच्या फुलांशिवाय काहीच आलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, पडून राहिला तर राहिला, तो काय भाकर मागतो? मैत्रिणींनो, ओस पडलेल्या घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. दार उघडं राहिलं की कोणीही शिरतं.

जवळच्याच गावातली गोष्ट सांगतो. शेळीपालनाच्या प्रशिक्षणाचा जुना ग्रुप. शिकवणारे निघून गेले होते, बाकीच्या बाया नव्या ग्रुपात गेल्या होत्या. तांड्यावरच्या एका ताईला हे कळलंच नव्हतं. तिनं त्या जुन्या ग्रुपात विचारलं, शेळ्यांना पीपीआरची लस कधी मिळणार? चार दिवस कोणी बोललं नाही. पाचव्या दिवशी एका अनोळखी नंबरावरून उत्तर आलं: शेळीपालन अनुदान मंजूर झालं आहे, ही फाइल उघडा, बँकेची माहिती भरा. ताई शहाणी. तिनं फाइल उघडली नाही, मोबाइल घेऊन सरळ बँक सखीकडे गेली. बँक सखीनं सांगितलं की अशी एपीके फाइल उघडली की मोबाइलमधले ओटीपी चोराच्या हाती जाऊ शकतात. ताईचे पैसे वाचले. शेळ्यांच्या लशीचं उत्तर मात्र तिला पशुसखी घरी आली तेव्हाच मिळालं.

या एका गोष्टीत दोन धोके दिसतात. एक, राखण नसलेल्या ग्रुपात चोर शिरतो. दुसरा, मागे राहिलेली बाई प्रश्न विचारते आणि तो ऐकायला तिथं कोणी नसतं. आमच्या मते दुसरा धोका जास्त मोठा आहे, कारण तो कोणाला दिसत नाही.

अनोळखी माणूस आत येतो कसा? ग्रुपची लिंक कधीतरी इकडेतिकडे गेलेली असते. ती ज्याच्या हाती पडेल तो आत येऊ शकतो. ग्रुपात एकच ॲडमिन असेल आणि ती बाहेर पडली, तर व्हॉट्सअ‍ॅप उरलेल्यांपैकी कोणालाही आपोआप ॲडमिन करतं. त्या बाईला याचा पत्ताही नसतो. आणखी एक. रिचार्ज न करता बंद पडलेला नंबर मोबाइल कंपनी ९० दिवसांनंतर दुसऱ्या ग्राहकाला देऊ शकते. म्हणजे ग्रुपातला जुना नंबर आज कोणाच्या हातात आहे, याची खात्री राहत नाही.

मग सगळे ग्रुप बंद करायचे का? नाही. गप्प ग्रुप म्हणजे निकामी ग्रुप, असं समजू नका. वीज पडण्याची सूचना देणारा ग्रुप वर्षातले कित्येक महिने गप्प असतो. पण जूनमध्ये आभाळ भरून येतं आणि बाया वावरात असतात, तेव्हा त्यातला एक मेसेज जीव वाचवतो. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी लागली, रक्त लागलं, तर मदत करणाऱ्यांचा ग्रुपही असाच. तो गप्प आहे हे चांगलंच आहे. म्हणून बैठकीत प्रत्येक ग्रुपबद्दल तीन प्रश्न विचारा. ज्या कामासाठी तो काढला ते काम शिल्लक आहे का? तेच काम दुसऱ्या ग्रुपात होतं का? आणि तिथं कोणी प्रश्न विचारला तर उत्तर देणारी जबाबदार बाई आहे का? काम संपलं असेल किंवा दुसरीकडे होत असेल, तर ग्रुप बंद करा. काम शिल्लक आहे पण जबाबदार बाई नाही, तर बाई नेमा.

बंद करायचं ठरलं, तर कसं करायचं? मोठ्या कंपन्यांनाही हे करावं लागलं आहे. ऑर्कुट नावाची सेवा आपल्या देशात फार चालायची, मराठी माणसांच्याही तिथं मंडळ्या होत्या. ती ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झाली. पण तीन महिने आधी, जूनच्या शेवटी, सगळ्यांना सांगितलं होतं आणि आपले फोटो, लिहिलेलं काढून घ्यायची सोय ठेवली होती. आपल्या पोस्टाचंच बघा. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये मिळवलं. जुनं नाव गेलं, पण ज्याला रजिस्टरचं पत्र टाकायचं आहे त्यानं कुठं जायचं हे ठरवून दिलं. यातून आपण एवढंच घ्यायचं: आधी सांगायचं, सामान काढू द्यायचं आणि पुढचा रस्ता दाखवायचा.

आमच्याकडे जी पद्धत बसली आहे ती सांगतो.

पहिलं, वेळ निवडा. पेरणीच्या घाईत किंवा सोयाबीन सोंगणीच्या दिवसांत ग्रुप बंद करू नका. तेव्हा कोणाला मोबाइल बघायला फुरसत नसते. सांगणं आणि बंद करणं यात किमान महिना ठेवा, म्हणजे मध्ये ग्रामसंघाची एक तरी बैठक येते.

दुसरं, मेसेज छोटा आणि साफ लिहा. हा ग्रुप अमुक तारखेला बंद होणार. पुढची माहिती अमुक ग्रुपात मिळेल. अडचण आली तर अमुक ताईंना फोन करा. बस्स. हा मेसेज वर पिन करून ठेवा, तो ३० दिवसांपर्यंत वर ठेवता येतो. सोबत आवाजाचा मेसेजही टाका. ज्या बायांना वाचायला जड जातं त्यांना ऐकून कळेल. तांड्यावर बंजारा बोलीत सांगितलं तर आणखी चांगलं.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम, गप्प वाचणाऱ्या बाया शोधा. आपण टाकलेल्या मेसेजवर बोट दाबून धरलं आणि माहिती उघडली, की तो कोणी वाचला आणि कोणाला नुसता पोचला हे दिसतं. ज्या कधी एक शब्द लिहीत नाहीत, त्यांतल्या कितीतरी जणी रोज वाचतात. आम्हालाही हे बघून नवल वाटलं. कोणी सासूच्या भीतीनं लिहीत नाही, कोणाला टाइप करता येत नाही, कोणी कामाला बाहेर गेलेली असते आणि गावाशी तिचा तेवढाच धागा असतो. या यादीतल्या प्रत्येकीला विचारून, तिची इच्छा असेल तर नव्या ग्रुपात घ्या. न विचारता नंबर टाकू नका. घरात एकच मोबाइल असतो आणि तो नवऱ्याकडे किंवा पोराकडे असतो. नव्या ग्रुपात काय बोललं जातं आणि ते घरात कोण वाचणार, हे ठरवायचा हक्क तिचा आहे.

ज्यांना मेसेज पोचलाच नाही त्यांना फोन करा. फोन लागला नाही तर घरी जा. वाड्या-वस्त्या वाटून घेतल्या तर एका बाईच्या वाट्याला चार-पाच घरं येतात. तेवढं होतं.

चौथं, सामान काढून घ्या. कर्जाचे हप्ते, बँकेच्या पावत्या, बियाण्याच्या खरेदीची बिलं यांचे फोटो त्या ग्रुपात असतील, तर कामाच्या नोंदी गटाच्या रजिस्टरात उतरवा. मोबाइल हरवतो, बिघडतो, वही राहते. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि लेखे ही आपली पंचसूत्री. त्यातले लेखे व्हॉट्सअ‍ॅपवर सोडून चालत नाही. आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो कोणी टाकले असतील, तर प्रत्येकीला ते आपल्या मोबाइलमधून काढायला सांगा. ग्रुप बंद केला म्हणून दुसऱ्याच्या मोबाइलमधला फोटो पुसला जात नाही, हे लक्षात ठेवा.

पाचवं, ठरलेल्या तारखेला कुलूप लावा. सेटिंगमध्ये जाऊन फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकेल असं करा आणि जुनी लिंक रिसेट करा. आता तिथं चोराला फाइल टाकता येणार नाही. पण लगेच मोडू नका. आणखी पंधरा दिवस तसाच ठेवा. उशिरा उघडणाऱ्या बाईला निदान पाटी तरी दिसेल. मग ॲडमिननं एकेकीला काढावं आणि शेवटी स्वतः बाहेर पडावं. ॲडमिननं आधीच निघून जायचं नाही.

याला मेहनत लागते, हे खरं. कोणी म्हणेल, दोन बायांसाठी एवढा खटाटोप कशाला? गटात आपण एका बाईचा हप्ता चुकला तर तिच्या घरी जातोच ना? विचारतो, ताई, काय झालं? मग हिचा धागा तुटत असताना का जायचं नाही? बऱ्याचदा जिच्यापर्यंत काहीच पोचत नाही, तिलाच पीक विम्याची तारीख, लशीचा दिवस, कर्जाची माहिती सगळ्यात जास्त लागते.

एक सूचना पक्की ध्यानात ठेवा. अनुदान, केवायसी, विमा, कोणत्याही नावानं फाइल किंवा लिंक आली तर उघडू नका. आधी बँक सखीला, समूह संसाधन व्यक्तीला किंवा ग्रामपंचायतीत दाखवा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या नंबरावर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी पैसे अडवण्याची आशा जास्त.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा एक विषय घ्या. सचिव ताईंनी रजिस्टरात ग्रुपांची यादी करावी: ग्रुपचं नाव, काम, ॲडमिन कोण, ठेवायचा की बंद करायचा. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि बैठकीला या. ग्रुप कितीही चांगला असला, तरी शेजारी बसलेल्या बाईचा चेहरा उतरलेला आहे हे त्यात दिसत नाही. ते सतरंजीवर बसल्यावरच दिसतं.

 तुमच्या गावात किती ग्रुप बंद झाले आणि किती जणी नव्या ठिकाणी पोचल्या, ते आम्हाला जरूर कळवा.