रविवार आणि धोटा



आजचा पदवीदान समारंभ रविवारी ठेवलाय, कारण रविवारी सगळ्यांना सुट्टी असते. ही सुट्टी कोणी दिली असे विचारले, तर बहुतेक जण इंग्रजांचे नाव घेतील. इंग्रजांच्या कचेऱ्या रविवारी बंद असत हे खरे. पण त्याच इंग्रजांच्या राज्यात मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची हक्काची सुट्टी नव्हती. ती मागून, भांडून घ्यावी लागली.

कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या तीसेक वर्षांत कोकणातून आणि घाटावरून माणसांचा लोंढा मुंबईत आला. कामाचा दिवस उजेडावर चाले: उजाडले की भोंगा, मावळले की सुटी. उन्हाळ्यात तेरा-चौदा तास सहज भरत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर घ्यायला बंदी केली आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्या कायद्यात अवाक्षर नव्हते.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले, काही काळ गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले आणि १८८० पासून ‘दीनबंधू’चे संपादक. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातल्या मागण्या नीट ऐका. आठवड्यातून रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. सकाळी साडेसहाला काम सुरू, सूर्यास्ताला बंद. मागल्या महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत. कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार.

पगारवाढ त्यात नाही. मला हे निवेदन फार शहाणपणाचे वाटते. आपला दिवस कधी संपणार आणि पगार कधी हातात पडणार हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला उद्याचा बेत आखता येत नाही. लोखंड्यांनी आधी तो बेत मागितला. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले, दोन स्त्री-कामगारांनी भाषणे केली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंड्यांनी उभारलेल्या गिरणी कामगारांच्या संघटनेला ना नोंदलेले सभासद होते, ना निधी, ना घटना. म्हणून ती खरी युनियन नव्हेच, असे काही अभ्यासक म्हणतात. म्हणोत बापडे. सुट्टी तर मिळाली.

पुढची वर्षे मी भरभर सांगतो. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. १९२० मध्ये मुंबईतच आयटक या देशव्यापी कामगार महासंघाची स्थापना झाली. ना. म. जोशींसारखा कामगार पुढारी अर्ज, शिष्टमंडळे आणि कायदेमंडळ या वाटेने चिकाटीने चालत राहिला. १९२६ मध्ये ट्रेड युनियन कायदा आला.

तरीही गिरणीच्या दारात खरी सत्ता जॉबरची होती. माणूस तोच भरणार, तोच काढणार, दस्तुरी तोच खाणार. सकाळी बदली कामगार गेटवर ताटकळत उभे असत आणि जॉबर बोट दाखवील त्याला त्या दिवसाचे काम मिळे. तुमच्यापैकी काही जण उद्या कोणाला कोणती फेरी, कोणती पाळी द्यायची हे ठरवणारे सॉफ्टवेअर लिहाल. तेव्हा जॉबरचे नवे बोट आपणच घडवत आहोत, एवढे ध्यानात असू द्या.

१९२८ मध्ये मालकांनी एकेकाने दोन साच्यांऐवजी, म्हणजे मागांऐवजी, तीन साचे चालवा म्हटले आणि एप्रिलपासून जवळजवळ दीड लाख कामगार सहा महिने घरी बसले. गिरणी कामगार युनियन त्याच संपात जन्मली. सुरुवातीला काही शे सभासद होते, वर्ष संपेतो ते पन्नास हजारांवर गेले. एकजुटीचे एवढे मोठे उदाहरण त्या काळात देशात सापडणे कठीण. इथवरची गोष्ट सांगून टाळ्या घेता येतात. मला मात्र साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, थांबायचे आहे.

साच्यावर धोटा इकडून तिकडे धावतो, त्याच्या पोटात सुताची कांडी असते. कांडी संपली की नवी घालायची आणि धाग्याचे टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढायचे. भोकाला ओठ लावून धागा झटकन तोंडाने ओढून घेणे, हा सगळ्यात जलद मार्ग. म्हणजे धोट्याला उष्टे लागणार, आणि तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडी जाणार. तेवढ्यावरून सवर्ण कामगारांनी दलितांना साचेखात्यात पाऊल टाकू दिले नाही. विणकराचा पगार चांगला. दलितांच्या वाट्याला आली सूतकताईची कमी पगाराची खाती. एकाच भोंग्यावर येणारी आणि एकाच लाल झेंड्याखाली घोषणा देणारी ही माणसे होती.

१९२८ च्या त्या संपाच्या मागण्यांची यादी होत असताना डॉ. आंबेडकरांनी पुढाऱ्यांना स्पष्ट बजावले: साचेखात्याची बंदी उठवण्याची मागणी घाला, नाहीतर आमची माणसे संपात नसतील. पुढाऱ्यांनी ती नाइलाजाने घातली. मालकांनी काय उत्तर दिले, ते आंबेडकरांनीच पुढे फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला दलित रेल्वे कामगारांच्या परिषदेत सांगितले: हा अन्याय असेल, तर तो आम्ही केलेला नाही. मालकांचे म्हणणे बिनतोड होते. मागणी यादीत आली म्हणून साचेखात्याचे दार काही लगेच उघडले नाही.

त्याच मनमाडच्या भाषणात त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही, आणि कामगार पुढाऱ्यांवर कडाडून टीका केली. आता त्याच वर्षाचा नोव्हेंबर पाहा. मुंबई सरकारने आणलेल्या औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाने संपाच्या हक्कावर बंधने येणार होती. ७ नोव्हेंबरला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला, आणि आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र उतरले. ज्यांच्यावर नऊ महिन्यांपूर्वी कोरडे ओढले, त्यांच्याबरोबरच संध्याकाळी कामगार मैदानावर सभा. टीका मागे घेतली नव्हती, साचेखात्याचा हिशेबही मिटलेला नव्हता. विधेयक तरीही मंजूर झाले.