न बोलणाऱ्या रुग्णाची परिचारिका

पानिपत म्हटले की मराठी मनाला १७६१ सालची संक्रांत आठवते, आणि मग त्या गावाविषयी आणखी काही ऐकण्याच्या मनःस्थितीत ते राहत नाही. आजचे पानिपत हे मागांचे गाव आहे. परदेशांतून आलेल्या जुन्या लोकरी कपड्यांचे पुन्हा सूत काढून तेथे ब्लँकेटे विणली जातात. त्याच गावी २२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या मोहिमेचा आरंभ झाला; कारण २०११ च्या जनगणनेत हरयाणातील सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८३४ भरल्या होत्या. मुलगी जन्माला येऊ द्यावी, हे मोहिमेने सांगितले. परंतु जन्मलेली मुलगी, किंवा मुलगाही, पहिल्या महिन्यात आजारी पडला तर रात्रभर त्याच्यावर नजर ठेवणार कोण? डॉक्टर येऊन पाहून जातात. नजर ठेवते ती परिचारिका.

हा रुग्ण बोलत नाही. त्याचा श्वास पुरता एक मिनिट मोजावा लागतो. तो साठ किंवा त्याहून अधिक भरला तर धोक्याची सूचना समजावयाची. पोट उबदार आणि तळपाय गार लागले, तर बालकाला थंडी बाधू लागली आहे असे जाणावयाचे. औषध वजनाप्रमाणे मोजावयाचे, आणि तेथे दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दसपट होते. काल ओढून दूध पिणारे मूल आज तोंड फिरवते आहे, एवढीच कधी कधी सारी खूण असते. आणि ती काल तेथे असणारीलाच कळते.

मुलाची आई ही वॉर्डातील अडचण आहे, असे एके काळी मोठमोठ्या रुग्णालयांतही मानीत. ब्रिटनमध्ये १९५९ साली प्लॅट समितीने आईबापांना मुलांजवळ मुक्तपणे येऊ द्यावे अशी शिफारस केली. पुढे १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे कमी वजनाची बालके आईच्या उघड्या छातीशी धरण्याची पद्धत सुरू झाली. पानिपतच्या विणकरांनी राग मानू नये. पण त्या बालकाला आईच्या त्वचेइतके चांगले ब्लँकेट दुसरे नाही. भेदरलेल्या बाळंतिणीला ते धरावयास शिकविणे, हेही परिचारिकेचेच काम.

हे कौशल्य केवळ पदवीने येते असे नव्हे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतील अल्पशिक्षित स्त्रियांना घरोघरच्या नवजात बालकांची काळजी घेण्यास शिकविले, तेव्हा तेथील नवजात मृत्यूंचे हजारी प्रमाण काही वर्षांत ६२ वरून २५ वर आले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात तो वृत्तान्त प्रसिद्ध झाला. त्या स्त्रियांजवळ शिक्षण थोडे होते; पण त्यांनी एकाच जातीचा रुग्ण पुन्हा पुन्हा पाहिला होता.

नेमके येथेच आपल्या कार्यालयीन व्यवस्थेचे घोडे पेंड खाते. बारावीनंतर तीन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची पदवी, त्यावर नवजात शुश्रूषेची वर्षाची पदविका किंवा बालआरोग्य विषयातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, असा मार्ग उपलब्ध आहे. तथापि इतके शिकून नवजात कक्षात हात बसलेल्या परिचारिकेची नेमणूक सर्वसाधारण पदावरच असली, तर पाळी आली की तिला अस्थिरोग विभागात पाठविले जाते. पाळीमागे न्यायबुद्धी नाही असे नाही. कष्टाचा वॉर्ड कायम एकीच्याच गळ्यात का पडावा? पण त्या न्यायाचे मोल ज्याला द्यावे लागते, तो अर्जही करू शकत नाही. कष्टाबद्दल वेगळा भत्ता आणि बढतीची वेगळी शिडी दिली, तर ज्यांना राहावयाचे आहे त्या तेथेच राहतील.

पानिपतहून दिल्ली नव्वद किलोमीटरांवर आहे. लहान मुलांसाठीच असलेले कलावती सरन रुग्णालय तेथे १९५६ पासून चालू आहे, आणि खाजगी रुग्णालये तर अनेक. चांगल्या हाताची परिचारिका तिकडे गेली, तर तिला दोष देता येत नाही. या व्यवसायाचा विचार करणाऱ्या मुलीच्या घरी पहिला प्रश्न निघतो तो रात्रपाळीचा, दुसरा बदलीचा. आजारी बालके रात्रीही आजारीच असतात, तेव्हा पहिल्या प्रश्नाला इलाज नाही. दुसऱ्याचे उत्तर मात्र कार्यालयातील एका फायलीत लिहिता येण्याजोगे आहे.